कुंपणाच्या आतला श्वास

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादच्या पाठोपाठ चौथा क्रमांक चंद्रपूरचा लागला: १०० पैकी ८३.८८. हवा, पाणी आणि जमीन तपासून काढलेल्या या आकड्याने चंद्रपूरचे नाव देशभर गाजले. नव्या उद्योगांवर काही काळ बंधने आली, कृती आराखडे तयार झाले, शहरात हवा मोजणारी यंत्रे लागली. मात्र हा निर्देशांक परिसरासाठी बनवलेला होता. ज्या आवारातून धूळ आणि वायू बाहेर पडतात, त्याच आवारात पाळीचे आठ तास उभा राहणारा माणूस त्यात मोजला गेला नव्हता.

चंद्रपूर आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली हे जिल्हे बाहेरच्यांना वाघ, साग आणि बांबूचे म्हणून माहीत आहेत. कामाच्या नजरेने पाहिले तर कोळसा, राख, सिमेंट, फेरोमँगनीज, कागद, दारूगोळा, लोहखनिज, लाकूड, धान, कापूस आणि मिरची एवढे सगळे इथे एकमेकांला लागून आहे. यातल्या प्रत्येक कामात कामगाराच्या अंगात काही ना काही शिरते. काय शिरते, कुठून शिरते आणि त्याची नोंद कुठे होते, हे तिन्ही प्रश्न एकत्र ठेवून पाहिले की चित्र स्पष्ट होते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे विज्ञानाने कधीच दिली आहेत. अडते ते तिसऱ्यापाशी.

कोळसा आणि राख

इथला कोळसा जुना आहे. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली आणि पुढे बल्लारपूरकडचे काम वाढत गेले. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर या खाणी सरकारी मालकीच्या झाल्या आणि वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, म्हणजे स्थानिक बोलीतल्या ‘वेकोलि’च्या, खदानी जिल्ह्याचा कणा बनल्या. जमिनीखालच्या खाणीत धोका मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइडचा असतो. खुल्या खाणीत माणूस आकाशाखाली काम करतो, म्हणून ती सुरक्षित वाटते. पण तिथेही ड्रिलच्या तोंडाशी उडणाऱ्या खडकाच्या पुडीत सिलिका असते, डंपर आणि शॉव्हेलच्या धुरात डिझेलचे कण असतात. सिलिकाच्या स्फटिकी धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये आणि डिझेलच्या धुराला २०१२ मध्ये माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.

सुरुंग उडाल्यावर कधी कधी नारिंगी-तपकिरी ढग उठतो. तो नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो. हा वायू फसवा आहे. छातीत गेल्यावर थोडा ठसका लागतो, माणूस घरी जातो, जेवतो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरून त्याला धाप लागते. तोवर पाळी संपलेली असते. त्यामुळे सुरुंगाचा आणि त्या धापेचा संबंध जोडायला जवळ कोणी नसते.

हाच कोळसा पुढे चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्रात जातो. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या या केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॉट आहे. महानिर्मितीचे हे सर्वांत मोठे केंद्र. बॉयलरच्या पाण्यातला प्राणवायू काढण्यासाठी औष्णिक केंद्रांमध्ये हायड्रॅझिन वापरण्याची पद्धत आहे, पाणी शुद्ध करायला क्लोरीन, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा लागतो. कायम नोकरीतल्या तंत्रज्ञाला यांची ओळख असते. पण एखादा संच वार्षिक दुरुस्तीसाठी बंद झाला की बॉयलरच्या पोटात, राख पकडणाऱ्या यंत्रांत आणि कोळशाच्या बंकरमध्ये उतरून झाडलोट करायची असते. अशा कामाला बहुतेक ठिकाणी ठेकेदाराची माणसे असतात. काही आठवडे काम, मग दुसरा ठेकेदार, दुसरे केंद्र. त्या काळात छातीत गेलेली राख कोणत्या मालकाच्या खात्यावर मांडायची, याचे उत्तर कोणत्याच हजेरीपटात सापडत नाही.

भट्टी, लगदा आणि दारूगोळा

कोरपना आणि राजुरा तालुक्यांत चुनखडी आहे, म्हणून गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीला सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. घुग्घुसलाही सिमेंट आहे. सिमेंटची धूळ घशाला लागते हे सगळ्यांना ठाऊक असते. हातावर उठणारी चिघळणारी खाज मात्र ‘सिमेंट लागले’ म्हणून सोडून दिली जाते. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असल्याने कातडी जाळते, आणि त्यातला षट्संयुजी क्रोमियम शरीराला कायमची अॅलर्जी लावतो. एकदा ती जडली की किंचित स्पर्शानेही हात फुटतात आणि गवंड्याला धंदाच सोडावा लागतो. डेन्मार्कने १९८० च्या दशकातच सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळून हा क्रोमियम निष्प्रभ करायला सुरुवात केली. २००५ पासून युरोपीय संघात सिमेंटमधल्या या क्रोमियमवर दशलक्ष भागांत २ भाग अशी मर्यादा आहे. उपाय स्वस्त आहे आणि तो कारखान्यातच करायचा आहे. हातमोज्याची जबाबदारी गवंड्यावर टाकण्यापेक्षा तो कितीतरी खात्रीचा ठरला.

चंद्रपूरला ज्याला लोक अजून ‘एमईएल’ म्हणतात तो महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट कारखाना २०११ मध्ये सेलमध्ये विलीन झाला. तिथे फेरोमँगनीज तयार होते. मँगनीजच्या धुराचा परिणाम १८३७ मध्येच जॉन कूपर या डॉक्टरने स्कॉटलंडमधल्या खनिज दळणाऱ्या मजुरांत टिपला होता: चाल अडखळते, आवाज बारीक होतो, चेहऱ्यावरचे भाव जातात. लक्षणे कंपवातासारखी असतात आणि वर्षानुवर्षांच्या संपर्कानंतर दिसू लागतात. घरचे म्हणतात वय झाले, शेजारी म्हणतात दारू जास्त झाली. जुन्या नोकरीचा विचार कोणाच्या डोक्यात येत नाही.

बल्लारपूरची कागद गिरणी गडचिरोलीच्या बांबूवर वाढली. बांबूपासून लगदा करण्याच्या क्राफ्ट पद्धतीत कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड वापरतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मर्कॅप्टन निघतात. सडक्या अंड्याचा तो वास शहराच्या ओळखीचा आहे. या वायूची घातक बाजू अशी की प्रमाण सुमारे १०० पीपीएमवर गेले की नाकाची त्याला ओळखण्याची शक्तीच संपते. वास थांबला म्हणून निश्चिंत झालेला माणूस खड्ड्यात किंवा टाकीत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. देशभरात गटारे, सांडपाण्याच्या टाक्या आणि कारखान्यांच्या हौदांत अशीच माणसे जातात. आत उतरण्याआधी हवा मोजणारे छोटे यंत्र आणि वर दोरी धरून उभा असलेला सोबती, एवढ्याने यातले बरेच मृत्यू टळू शकतात.

भद्रावतीच्या आयुध निर्माणीत दारूगोळा भरला जातो. टीएनटी श्वासातून आणि कातडीतून शरीरात जाते, यकृत आणि रक्त बिघडवते, डोळ्यांत मोतीबिंदू आणते. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या कारखान्यांत टीएनटी भरणाऱ्या बायकांची कातडी पिवळी पडायची आणि त्यातल्या कित्येक जणी विषारी काविळीने मेल्या. जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या माणसात टीएनटीमुळे रक्तपेशी फुटण्याचा धोका जास्त असतो. मध्य भारतातल्या आदिवासी समाजांत ही कमतरता आढळते, आणि हिवतापाची काही औषधे देताना डॉक्टर तिची काळजी घेतात. औषधापूर्वी जी काळजी घेतली जाते तीच नोकरीच्या पहिल्या वैद्यकीय तपासणीतही घेतली जाऊ शकते. दारूगोळ्याच्या कारखान्यात बातमी होते ती स्फोटाची. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळच्या आयुध निर्माणीतल्या स्फोटात ८ कामगार गेले, तेव्हा सारा देश हळहळला. हळूहळू पोखरणाऱ्या रसायनाची तारीख नसते, म्हणून त्याची बातमीही नसते.

जंगलातले रसायन

गडचिरोलीत कारखाने कमी आहेत, म्हणून तिथे हा प्रश्न नाही असे मानण्याची सवय आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर २०२१ नंतर लोहखनिजाचे काम जोरात सुरू झाले आणि २०२३ मध्ये उत्खननाची परवानगी वर्षाला ३ दशलक्ष टनांवरून १० दशलक्ष टनांवर गेली. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला स्पंज आयर्नचा कारखाना आला. खनिजाची धूळ, डिझेल आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्याशी आता पहिल्यांदाच पगारी नोकरीत आलेली तरुण पिढी सामोरी जात आहे. नवी खाण असण्याचा एक फायदा असतो: पहिल्या दिवसापासून नोंद ठेवता येते. चंद्रपूरला ती संधी मिळाली नव्हती.

पण जंगलाचा जुना धंदाही निर्धोक नाही. आलापल्लीचा साग देशात प्रसिद्ध आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून मिरवणुकीने लाकूड गेले. सागाच्या भुशाने कातडीला अॅलर्जी होते आणि दमा उठतो, हे आरामशीनवर काम करणारे अनुभवाने सांगतात. त्याहून गंभीर गोष्ट इंग्लंडमधल्या हाय विकम या फर्निचरच्या गावात उघड झाली. तिथल्या नाक-कान-घसा तज्ज्ञ एस्मे हॅडफिल्ड यांच्याकडे नाकाच्या आतल्या एका दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण नेमाने येत होते, आणि ते सुतार निघत होते. १९६० च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ते मांडले. १९९५ मध्ये लाकडाचा भुसा कर्करोगकारक म्हणून अधिकृतपणे मान्य झाला. हा शोध एका लहान गावातल्या दवाखान्यात, रुग्णाचा धंदा विचारून आणि लिहून ठेवून लागला.

बांबू टिकवण्यासाठी त्याला औषध लावावे लागते, नाहीतर भुंगा आतला पिठूळ भाग खाऊन टाकतो. बोरिक आम्ल आणि बोरॅक्सचे द्रावण तुलनेने सौम्य आहे. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकचे मिश्रण जास्त टिकाऊ पण विषारी. अमेरिकेत उत्पादकांनी २००३ च्या अखेरीस घरगुती वापराच्या लाकडासाठी ते बंद केले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २०११ मध्ये स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार मिळाला आणि त्यानंतर अनेक ग्रामसभा बांबूचा व्यवहार स्वतः करू लागल्या. मालकी आली तशी कोणते औषध कोणत्या हातांनी लावायचे हा निर्णयही ग्रामसभेपाशी आला आहे.

आणखी एक काम जंगलातल्या गावागावांत चालते. गडचिरोली हा राज्यात हिवतापाचा सर्वाधिक भार वाहणारा जिल्हा. पावसाळ्याच्या सुमारास हंगामी फवारणी कर्मचारी पाठीवर पंप आणि खांद्यावर बादली घेऊन घरोघरी भिंतींवर औषध मारतात. एकेकाळी ते डीडीटी होते, नंतर सिंथेटिक पायरेथ्रॉइड आले. नव्या औषधाने हातातोंडाची आग होते, मुंग्या येतात. ते लवकर उतरते, पण दिवसागणिक पुन्हा होते. या कर्मचाऱ्यांनी किती दिवस फवारणी केली याची नोंद सरकारकडे असते, कारण आरोग्य सेवकाच्या भरतीत ९० दिवसांच्या फवारणीच्या अनुभवाला जागा राखीव असतात. म्हणजे संपर्काचे दिवस कागदावर मोजलेले आहेत. ते नोकरीच्या दाखल्यासाठी वापरले जातात. त्याच यादीवरून दरवर्षी रक्त, यकृत आणि कातडीची तपासणी सुरू करायला वेगळे सर्वेक्षण लागणार नाही.

शेत, पंप आणि मिरची

विदर्भाला या विषयाची सर्वांत मोठी जाग २०१७ मध्ये आली. त्या वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जण दगावले. त्या हंगामात कपाशी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा वरून अंगावर येत होता. वेगाने फेकणारे नवे पंप, दोन-तीन औषधांचे मिश्रण आणि ऑक्टोबरची उष्णता यांची भर पडली. राज्याने विशेष तपास पथक नेमले. सेंद्रिय फॉस्फरस गटाच्या औषधाची बाधा ओळखायला रक्तातल्या कोलिनएस्टरेजची चाचणी लागते, आणि नेमकी तीच तिथे उपलब्ध नव्हती, हेही तेव्हा उघड झाले. पुढे २०२३ मध्ये केंद्राने मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढला.

यवतमाळची हद्द ओलांडली की वरोरा, राजुरा, कोरपना, जिवतीचा कापूस तोच, पंप तेच आणि मजूरही तसाच. त्याला हातमोजे, चष्मा आणि जाड कोट घालायला सांगणारी पत्रके वाटली जातात. पण तो पोशाख थंड देशांतल्या हवेचा विचार करून बनलेला आहे. घामाने भिजलेल्या कातडीतून औषध अधिक सहज शोषले जाते आणि प्लास्टिकच्या कोटात माणूस उष्माघाताने पडू शकतो. म्हणून या हवेत रक्षण म्हणजे आधी कमी विषारी औषध, पहाटेची फवारणी, वाऱ्याकडे पाठ आणि बांधावर साबण-पाणी. भिजलेले कपडे घरी कोण धुते, हाही प्रश्न आहे. ते धुणारी बाई फवारणीच्या कोणत्याही नोंदीत येत नाही, आणि औषध मात्र तिच्या हाताला लागते.

धानाचे पीक निघाले की मूल, सावली, गोंडपिपरी, पोंभुर्णा आणि गडचिरोलीच्या गावांतून हजारो कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. २०२० च्या टाळेबंदीत ही माणसे तिथे अडकली, तेव्हा कुठे बाकीच्या महाराष्ट्राला या स्थलांतराचा आकार कळला. मिरची तोडताना हातांची, डोळ्यांची आग होते ती कॅप्सेसिनने; त्याखाली फवारलेल्या कीटकनाशकांचा थर असतो, कारण मिरचीवर देशात सर्वाधिक फवारणी होणाऱ्या पिकांइतके औषध पडते. २०२१-२२ च्या हंगामात फुलकिड्यांच्या नव्या जातीने तेलंगण-आंध्रची मिरची खाल्ली, तेव्हा फवारण्या आणखी वाढल्या. फवारणीनंतर किती दिवसांनी शेतात शिरायचे, हे डब्यावर छापलेले असते. तोडणाऱ्या बाईपर्यंत डबा येतच नाही. ती दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या भाषेत, मुकादमाच्या शब्दावर वाफ्यात उतरते. महाराष्ट्राच्या आरोग्य खात्यासाठी ती त्या महिन्यांत जिल्ह्यात नाही आणि तेलंगणासाठी ती तिथली नाही.

आजाराचे नाव हरवते कुठे

गावच्या दवाखान्यात खोकला घेऊन आलेल्या माणसाची थुंकी तपासली जाते, आणि ते योग्यच आहे. क्षय इथे खरोखर आहे. अडचण अशी की सिलिकोसिसचा एक्स-रे क्षयासारखा दिसू शकतो आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याची शक्यताही जास्त असते. गोळ्या संपतात, धाप राहते. शिवाय या भागात तंबाखू आणि खर्रा इतका रुजला आहे की गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था आणि शासन यांना मिळून ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम चालवावा लागतो. म्हणून छातीचा दोष बिडीवर आणि तोंडाचा खर्ऱ्यावर जातो. तो बऱ्याचदा खराही असतो. पण बिडी आणि धूळ एकाच फुप्फुसात एकत्र काम करतात, आणि पहिलीचे नाव लिहिले की दुसरीचे लिहायचे राहून जाते.

वेळेचाही घोळ आहे. सिलिकोसिस, कोळशाची फुप्फुसे, कर्करोग हे दहा-वीस वर्षांनी उमटतात. खाण नियमांनुसार खाण कामगाराची दर पाच वर्षांनी तपासणी व्हायची असते. निवृत्त झाला किंवा ठेका संपला की तो साखळीतून सुटतो. खाण कामगारांच्या आरोग्यासाठीची राष्ट्रीय संस्था नागपूरला, इथून फार दूर नाही. ती २०१९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन झाली. ज्ञान जवळ आहे. दवाखान्याच्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ हा रकानाही असतो. तिथे ‘मजुरी’ असा एक शब्द पडतो आणि गोष्ट तिथेच संपते.

कायदा कुठपर्यंत पोहोचतो

भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले. कामगाराला रसायनांची माहिती मिळण्याचा हक्क, आरोग्याच्या नोंदी, हवेतल्या रसायनांच्या कमाल मर्यादा हे सारे त्यात आले. व्यावसायिक रोगांची यादी आधीपासून होती आणि असा रोग दिसल्यास कारखाना निरीक्षकाला कळवणे डॉक्टरवर बंधनकारक होते. कामगार भरपाई कायदा तर १९२३ चा. कागदावर काही कमी नव्हते. पण रोगाचे नाव निदानात आले तरच कळवणे घडते, आणि कळवणे घडले तरच भरपाई.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत ठरावीक कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करण्याचे बंधन मालकावर आहे. ही जमेची बाजू. त्याच संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० वर नेली. चंद्रपूरच्या आरामशिनी, वडशाच्या भातगिरण्या, राखेच्या विटा करणारे छोटे उद्योग यांतले कित्येक या दोन आकड्यांच्या मध्ये बसतात. धोकादायक म्हणून अधिसूचित झालेल्या कामाला संख्येची अट न लावण्याची सोय आहे, तेव्हा लाकडाचा भुसा, तुसाची सिलिकायुक्त राख आणि गोदामात धान्य टिकवायला वापरतात ते फॉस्फिन त्या अधिसूचनेत येतात की नाही, यावर या छोट्या उद्योगांतल्या मजुरांचे बरेच काही अवलंबून आहे.

राजस्थानने मात्र एक पाऊल पुढे टाकले. २०१९ च्या न्यूमोकोनिओसिस धोरणात तिथे कामगार स्वतः अर्ज करतो, वैद्यकीय मंडळ तपासते, आणि सिलिकोसिसचे प्रमाणपत्र मिळाले की ३ लाख रुपये, मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपये मिळतात. मालक कोण होता हे सिद्ध करण्याची अट मजुरावर नाही. दगडखाणीतल्या भटक्या कामगाराला हे लागू पडते, तर औष्णिक केंद्राच्या दुरुस्तीत महिनाभर राबणाऱ्याला आणि कोळशावरची माती-दगड काढण्याच्या (ओबी) ठेक्यावर ड्रिल चालवणाऱ्यालाही लागू पडेल.

चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीलाही आता ते सुरू झाले आहे. दोन्ही ठिकाणी छातीच्या बाह्यरुग्ण विभागात प्रत्येक रुग्णाला चार प्रश्न विचारून लिहून ठेवता येतील: कोणते काम केले, किती वर्षे, कोणत्या ठिकाणी, आणि सोबत काम करणाऱ्यांना असेच होते का. जिल्हा रुग्णालयात कोलिनएस्टरेजची चाचणी फवारणीच्या हंगामापुरती तरी अखंड चालू ठेवता येईल. फवारणी कर्मचाऱ्यांच्या भरती-यादीचे आरोग्य-यादीत रूपांतर करता येईल. मिरचीला निघणाऱ्या कुटुंबांची नोंद ग्रामपंचायतीत जाताना आणि परतताना होऊ शकते, आणि परतल्यावर आरोग्य केंद्रात एक तपासणी. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा किंवा मोठे यंत्र लागत नाही. दोन जिल्हाधिकारी, दोन अधिष्ठाते आणि कारखाना व खाण निरीक्षकांची एकत्र बैठक लागते, आणि ती पुढच्या फवारणीच्या हंगामाआधी व्हायला हवी.